उपाशी आणि उपास

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका सोमवारी धुळ्यातल्या एका सोनोग्राफी केंद्रात माझ्या मोठ्या बहिणीच्या पोटात, डाव्या बाजूला, जठराजवळ गाठीसारखे काहीतरी दिसले. सीटी स्कॅन करून खात्री करावी, असे अहवालात खाली लिहिले होते. काही आठवड्यांपासून जेवल्यावर तिचे पोट जड होत होते आणि वजन उतरत होते, म्हणून ही तपासणी झाली होती.

बहिणीला आम्ही अक्का म्हणतो. ती धुळे तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, शेती करते. मेहुण्यांना सगळे गाव जिभाऊ म्हणते. अहवाल त्यांनीच मला फोनवर वाचून दाखवला आणि त्यातल्या इंग्रजी शब्दाचे मराठी विचारले. मी "गाठ" म्हणालो. ते म्हणाले, "तिले गोया सांगू."

गोया म्हणजे गोळा. अहिराणीत ळ चा य होतो. त्यांच्या गावात पोटात गोळा उठणे ही नेहमीची गोष्ट आहे. तो वायूने उठतो आणि एरंडेल लावून पोट चोळले की बसतो. गाठ हा शब्द वेगळा. अक्काच्या गल्लीतल्या एका बाईच्या पोटात गाठ निघाली होती आणि ती बाई त्यातच गेली होती. तिच्या शेवटच्या दिवसांत अक्का रोज तिच्याजवळ जाऊन बसत असे.

मी जळगावला राहतो, म्हणून सीटी जळगावला करायचे ठरले. गुरुवारची वेळ मिळाली. केंद्राची सूचना होती: रक्ताची तपासणी आधी करून आणा आणि उपाशी या. मी ती जिभाऊंना कळवली.

गुरुवारी दोघे एसटीने आले आणि स्थानकावरून रिक्षाने थेट केंद्रात पोहोचले. मी तिथेच थांबलो होतो. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी दमा आहे का, कशाची ॲलर्जी आहे का, असे नेहमीचे प्रश्न विचारले. शेवटचा प्रश्न होता, "उपाशी आहात ना, मावशी?"

"हा. कडक उपास शे."

"चहासुद्धा नाही ना घेतला?"

"चहा तं उपासले चालस."

बाईंनी वर पाहिले. "आणखी काय काय चाललं?"

"काही नई वं बाई. पहाटे भगर खादी, शेंगदाणानी आमटी. एस्टीमा दोन केया. बस."

"अहो, उपाशी यायला सांगितलं होतं!"

"मंग? गुरुवार मना नई ऱ्हास. मी सोमवार धरस. डाक्टरनी सांगं म्हनीसन गुरुवार धरा."

जिभाऊ तोंड फिरवून हसत होते. अक्का त्यांच्याकडे वळली. "हसतस काय? तुम्हीनच सांगं ना, उपास धर म्हनीसन."

"मी उपाशी सांगं."

"मंग उपाशी मानूस काय खास? भगरच ना?"

स्कॅन त्या दिवशी झाला नाही. शिरेतून औषध देताना उलटी होऊ शकते, भरल्या पोटी धोका नको, असे स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टर बाईंनी सांगितले आणि शुक्रवारी सकाळी बोलावले. मग धुळ्याचा अहवाल हातात घेऊन त्यांनी विचारले, "सोनोग्राफीच्या दिवशी काय खाल्लं होतं?"

"साबुदाना. श्रावणना सोमवार व्हता."

डॉक्टरांनी अहवाल पुन्हा वाचला. भरलेले जठर कधी कधी गाठीसारखे दिसते, असे त्या म्हणाल्या.

"म्हणजे हा साबुदाण्याचा गोळा?" जिभाऊ म्हणाले.

"असू शकतो. नसूही शकतो. आणि भरलेल्या जठरामागे काही असेल, तर ते सोनोग्राफीत दिसतही नाही. बघितल्याशिवाय मी सांगणार नाही."

जिभाऊंनी त्यातले पहिले तेवढे ऐकले. रिक्षातूनच त्यांनी गावाकडे फोन लावला. "साबुदाना निंघना!" असे ते रस्त्यावरच्या आवाजावरून ओरडून सांगत होते. घरी जेवताना त्यांनी शेवभाजी दोनदा मागून घेतली.

अक्का त्या संध्याकाळी कमी जेवली. ताटे उचलताना ती मला म्हणाली, "भाऊ, डाक्टरीननी दोन गोष्टी सांग्यात. हाऊ मानूस एकच सांगस. दुसरी तुले समजनी ना?"

मी हो म्हणालो.

"मंग आते गोया म्हनू नका. गाठ म्हना."

गल्लीतल्या त्या गेलेल्या बाईबद्दल ती बोलली नाही. जेवणानंतर तिने काही खाल्ले नाही.

शुक्रवारी केंद्रात त्याच तंत्रज्ञ बाई होत्या. त्यांनी उपाशी हा शब्द वापरला नाही. भगर, केळे, शेंगदाणा, चहा असे एकेक नाव घेऊन विचारले. प्रत्येक नावाला अक्काने नकाराची मान हलवली. मग जठर स्कॅनमध्ये नीट दिसावे म्हणून तिला बाटलीभर पाणी थोडे थोडे करून प्यायला दिले. "उपाशी बलावतस आनि पानी पाजतस," ती म्हणाली आणि प्यायली. स्कॅनला फार वेळ लागला नाही. बाहेर आल्यावर तिने सांगितले, औषध गेल्यावर अंग आतून गरम झाले आणि यंत्र हिंदीत श्वास धरायला सांगत होते.

संध्याकाळी डॉक्टरांनी आम्हा तिघांना आत बोलावून पडद्यावर चित्रे दाखवली. जठरात पाण्याशिवाय काही नव्हते. त्याच्याजवळ गाठ नव्हती. जिभाऊंनी हात जोडले.

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी चित्र पुढे सरकवले आणि डाव्या मूत्रपिंडाच्या वरच्या टोकावर बोट ठेवले.

अक्काने विचारले, "गाठ शे का?"

"हो. गाठ आहे."

ती लहान होती आणि मूत्रपिंडाच्या बाहेर पसरलेली दिसत नव्हती. अशी गाठ बहुतेक वेळा कर्करोगाची असते, पण नक्की ती काढून तपासल्यावरच कळेल, असे डॉक्टरांनी सांगितले. सोनोग्राफीच्या सोमवारी ती भरलेल्या जठराआड राहिली का, या प्रश्नावर त्या म्हणाल्या की तसे झाले असेल, पण खात्रीने सांगता येणार नाही. पोटाचा जडपणा तिच्यामुळे होता का, हेही त्यांना सांगता आले नाही.

जिभाऊंनी त्या दिवशी गावाकडे फोन केला नाही. तो अक्काने केला. "साबुदाना नई," ती म्हणाली, "गाठ शे. काढनी पडी."

पोळा झाल्यावर शस्त्रक्रिया झाली. मूत्रपिंडाचा काही भाग गाठीसह काढला. प्रयोगशाळेचा अहवाल आला. गाठ कर्करोगाची होती आणि काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ होत्या, म्हणजे ती पूर्ण निघाली होती.

यंदा वर्षाच्या तपासणीसाठी अक्का पुन्हा जळगावला आली. त्या दिवशी एकादशी होती. स्कॅन होईपर्यंत तिने काही खाल्ले नाही. भगर तिने दुपारी घरी आल्यावर खाल्ली. अहवाल दुसऱ्या दिवशी मिळाला. त्यात पोटात कुठेही नवी गाठ दिसत नसल्याची नोंद आहे.