कोयत्यांच्या पेटीवर बसलेली इसक्की

तिरुनेलवेलीच्या पलीकडच्या एका गावात, थेटराच्या दारावर इसक्कीयम्मा बसायची. तिकिटं फाडायला दुसरा होता. तिचं काम कोयते ठेवून घ्यायचं.

देवळाबाहेर चपला सांभाळतात ना, तसंच. पुरुष यायचे, पाठीकडून सदऱ्याखालचा कोयता उपसून द्यायचे. ती पात्यावर खडूनं आकडा घालून पत्र्याच्या पेटीत टाकायची. दुसऱ्या कुणाच्या हाती कुठल्याच आळीनं कोयता दिला नसता. इसक्की जन्मली वरच्या आळीत, पळून जाऊन नांदली खालच्या आळीत, आणि लग्नाच्या तिसऱ्या वर्षी सख्ख्या भावानं तिच्या नवऱ्याला केळीच्या बागेत तोडला. कोयता काय करतो हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

मुलगा मारिमुत्तू तेव्हा अंगावर पीत होता. कान टोचायला मामाची मांडी लागते, आणि मामा तर तुरुंगात. पोराचे कान कोरेच राहिले. वरच्या आळीतले त्याला अजून ‘बिनमामाचा’ म्हणतात. सगळ्यांत मोठ्यानं म्हणतो तो त्या भावाचाच मुलगा, चेल्लय्या.

तर त्या दुपारी प्रेमाचा सिनेमा लागला. पोरगी एका जातीची, पोरगा वैऱ्याच्या जातीचा. पडद्यावर जातींची नावं घेतली नाहीत, पण पोरगी वरच्या आळीची नि पोरगा खालच्या, हे बापांच्या मिशांवरून शेंबड्या पोरालाही कळलं. दोन्ही आळ्या लोटल्या. पेटीचं झाकण बसेना, म्हणून इसक्कीच वर बसली.

आत दोन तास ती दोघं बर्फात नाचली. तिथं कोण विचारतोय जात! लोक धीर धरून बसले, की आता मरतात तरी नाहीतर लग्न तरी लावतात. तर शेवटी एक म्हातारी सुईण उगवली नि म्हणाली, पाळण्यात पोरी बदलल्या होत्या, ही मुलाच्याच जातीची. झालं! बाप गळ्यात पडले. म्हणजे भांडणच नव्हतं.

“ह्याच्यासाठी दोन तास बसवलं?” कुणीतरी ओरडलं.

खालच्या आळीतला एक उठला. “बघा, आमचं रक्त वीस वर्षं तुमच्या घरात शेण काढत होतं!”

“म्हणून तर पळाली! आमची पोरगी पळत नसते!”

“हो का? मग दारात बसलीय ती कोण?”

खुर्च्या उडाल्या. सोड्याच्या बाटल्या फुटल्या, पडदा उभा फाटला, कुणाचा तरी डोळा गेला. सगळ्यांत आधी चेल्लय्या बाहेर आला.

“आत्या, ऊठ. माझा सत्तावीस नंबर.”

“खेळ सुटला की देईन.”

“सुटलाय खेळ!”

“मला तर आत अजून मारामारी ऐकू येतेय.”

त्याच्या हातात खुर्चीचा दांडा होता. पहिला घाव तिनं हातावर झेलला, दुसऱ्याला कोपर मोडलं. ती हलली नाही. डाव्या हातानं कडी धरून बसली. तेवढ्यात कपाळ फुटलेला मारिमुत्तू धावत आला.

“अम्मा, ऊठ! एक दे मला. उभा चिरतो ह्याला!”

“नाही.”

“तू माझी आई आहेस का त्यांची?”

“तुझीच रे. म्हणूनच नाही.”

तो रिकाम्या हातांनी चेल्लय्यावर गेला. वरच्या आळीचे सहाजण त्याच्यावर पडले. तिच्यापासून दहा हातांवर त्यांनी त्याच्या बरगड्या तुडवल्या, तीन दात पाडले, आणि तो रक्तानं भरल्या तोंडानं आईला हाक मारत राहिला. तिनं नुसतं उठायचा अवकाश होता. पदर दातांत धरून ती बसली. पदर फाटला.

पोलीस आले तेव्हा सतराजण दवाखान्यात नेले. मसणात एकही नेला नाही.

मारिमुत्तू वीस दिवसांनी घरी आला. आईशी बोलेना. भिंतीकडं तोंड करून बायकोला म्हणायचा, “तिला सांग, ती उठली नाही.”

एक दिवस सून पाण्याला गेलेली. त्यानं ताट पुढं सरकवलं. इसक्कीचा उजवा हात गळ्यात बांधलेला. डाव्या हातानं वाढलेलं आपण कुत्र्यालाही घालत नाही. तिनं डाव्यानंच भात वाढला, वर कुळंबू, चिंचेचं आंबट कालवण, ओतलं, थोडं सांडलंही.

त्यानं ताटाकडं बघितलं. मग दात नसलेल्या बाजूनं सावकाश चावत सगळं खाल्लं.