साडेचारशेच्या वेगाचं मिठागर

गोपीनाथ भोईरच्या दुकानात जाऊन कॉम्प्युटर मागितला की तो आधी तुमच्याकडे बघत बसायचा. मग रस्त्याकडे, मग पुन्हा तुमच्याकडे. डोंबिवलीत मानपाडा रोडला एका शटरचं दुकान, आत दोन टेबलं, एक बाक आणि सदैव कुठेतरी हरवलेला हा मालक. माझ्यासारख्या तापट माणसाचं पहिल्याच भेटीत डोकं फिरलं. मी शाळामास्तर, मला प्रश्न टाकला की उत्तर लागतं.

"अरे, काहीतरी बोल ना," मी म्हणालो.

"बोलतो ना सर. आधी तुम्ही त्याच्यावर काय करताय ते मला दिसू दे."

दिसू दे म्हणे! मी प्रश्नपत्रिका टाइप करणार होतो, त्यात दिसण्यासारखं काय होतं? पण चार दिवसांनी त्याने जोडून दिलेला कॉम्प्युटर माझ्या घरात इतका गुमान चालला की मी पेढे घेऊन त्याच्याकडे गेलो. पुढे जातच राहिलो. ही ९४ सालची गोष्ट.

गोपीनाथ मूळचा ठाण्याचा, कोपरीकडचा. त्याचे वडील परशुराम आणि आई चंद्रभागा, दोघंही खाडीकाठच्या मिठागरात राबलेली. पुढे त्या मिठागरावर भराव पडला, इमारती आल्या आणि भोईर कुटुंब डोंबिवलीजवळ भोपरला, आईच्या माहेरच्या गावी आलं. परशुराम तिथे फार टिकले नाहीत. गोपीनाथने आधी टीव्ही दुरुस्त केले, मग कॉम्प्युटर जोडले, आणि मधल्या काळात स्वतःचं स्वतःच शिकून कॉम्प्युटरवर चित्रं हलवायला लागला. टिटवाळ्याला नव्या इमारती उठत होत्या. त्यांचे बिल्डर त्याच्याकडून आधीच पिक्चर बनवून घ्यायचे: न बांधलेल्या जिन्यावरून वर जा, न बसवलेल्या खिडकीतून डोंगर बघा. गिऱ्हाईक हे बघून बुकिंग करायचं. गोपीनाथ मात्र पिक्चर संपला तरी त्या खिडकीशी उभाच असल्यासारखा दिसायचा.

९८ च्या दिवाळीनंतर एका दुपारी मी गेलो तर तो पडद्याकडे बघत होता. पडद्यावर बांध होते, बांधांमध्ये पाण्याचे चौकोन होते आणि पाण्यात आभाळ होतं.

"हे कुठल्या बिल्डरचं?"

"आमचं मिठागर आहे सर. आईला दाखवायचंय."

आईला काचबिंदू झालेला. कडेकडेचं दिसणं कधीच गेलं होतं, आता मधोमध रुपयाएवढं भोक उरलं होतं आणि तेही आक्रसत होतं. ठाण्याचे डॉक्टर म्हणाले होते की गेलेलं परत येत नाही, उरलेलं फार तर होळीपर्यंत धरा. चंद्रभागाबाईंनी रडारड केली नाही. त्या एकदाच म्हणाल्या होत्या, "आपला आगर येकदा बघाया पायजे होता." आता त्या मिठागरावर सात मजली इमारती आणि त्यांचं पार्किंग. म्हणून या वेड्याने तो आठवून आठवून बांधायला घेतला होता.

अडचण वेळेची होती. त्या पाण्यात आभाळ दिसायला हवं, तर प्रत्येक चित्रासाठी कॉम्प्युटरने तासभर घाम गाळायचा. दीड मिनिटाच्या पिक्चरला अशी तेराशे पन्नास चित्रं. अख्खा दिवस-रात्र चालवला तरी दोन महिने, आणि मधे बिल्डरांची कामं आली की किंवा दिवे गेले की खोळंबा वेगळा. चित्र पडद्यावर वरून खाली उतरायचं, आधी आभाळ, मग लांबचे डोंगर, मग थेंबाथेंबाने पाणी. मी दुपारच्या सुट्टीत जाऊन ते बघत बसायचो. मला शिकवण्याचे तास असतात याचा तिथे विसर पडायचा.

"ह्याच्यापेक्षा पळणारा प्रोसेसर पाहिजे," एक दिवस तो म्हणाला.

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. त्याचा वेग कंपनी त्याच्यावर लिहून देते. त्या वर्षी तीनशे मेगाहर्ट्झ लिहिलेला सेलेरॉन नावाचा एक स्वस्तातला प्रोसेसर आला होता आणि त्यातले काही नग चुचकारले की साडेचारशेने पळतात अशी हवा होती. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. कुठला नग पळेल हे बाहेरून कळत नाही, आणि न पळाला तर कंपनीला बोल लावता येत नाही, कारण तिने तीनशेच कबूल केलेलं असतं.

गोपीनाथ लॅमिंग्टन रोडवरून तीन नग निवडून घेऊन आला. निवडून म्हणजे, खोक्यावरचे आकडे वाचत दुकानदारासमोर दीड तास उभा राहिला. मग दुकानात एकेकाचा दाखवण्याचा कार्यक्रम झाला. प्रोसेसरच्या कडेला बारीक सोनेरी पट्ट्या असतात, त्यातली एक त्याने बायकोच्या, चित्राच्या, नेलपॉलिशने झाकली. तसं केलं की बाकीच्या यंत्राची समजूत होते की हा वेगवान घराण्यातलाच आहे.

"माझी लग्नातली बाटली आहे ती," चित्रा म्हणाली. "मला कधी लावायला वेळ मिळाला नाही, ह्यांच्या चिपला मिळाला."

पहिला नग साडेचारशेला उठलाच नाही. दुसरा उठला आणि न कुरकुरता चालत राहिला. तिसरा साडेचारशेच काय, पाचशेच्याही पुढे उडी मारायचा. गोपीनाथने त्याच्या ॲल्युमिनियमच्या पाठीवर बोट ठेवलं, डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच बसला.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"हा जरा स्वप्नाळू आहे, सर. पळतो छान, पण मधेच कुठेतरी जातो."

"मग तुझ्याच घरचा दिसतोय," मी म्हणालो.

त्याने शहाण्यासारखा दुसरा निवडला आणि कामाला जुंपला. तरी हिशेब होळीच्या पुढेच जात होता. जानेवारीत चंद्रभागाबाई ताटातली भाकरी चाचपायला लागल्या, तेव्हा मी माझा कॉम्प्युटर रिक्षात घालून दुकानात आणून ठेवला. त्यातला जुना बोर्ड बदलून तिसरा नग बसवला. पिक्चरचा पहिला अर्धा भाग दुसऱ्याने करायचा, उरलेला अर्धा तिसऱ्याने. सहामाहीनंतरच्या सगळ्या प्रश्नपत्रिका मी हाताने लिहिल्या. मुख्याध्यापकांनी माझ्या अक्षराबद्दल काय ते ऐकवलं, मी ऐकून घेतलं.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात काम संपलं. दोन्ही भाग जोडून आम्ही पिक्चर लावला आणि गोपीनाथचा चेहरा पडला. पहिला अर्धा काचेसारखा स्वच्छ होता. दुसऱ्या अर्ध्यात पाण्यावर पांढरे ठिपके होते. आधी एकदोन, कोपऱ्यात. मग वाढत गेलेले. तिसरा नग खरंच मधेमधे कुठेतरी गेला होता आणि तिथे त्याचं गणित चुकलं होतं.

"हे परत करावं लागणार," तो म्हणाला. "तीन आठवडे. दुसऱ्यावर करतो सगळं."

"आजच दाखव."

"डाग पडलेत, सर. आईला डाग पडलेलं देऊ?"

माझा तोल गेला. "तीन आठवड्यांनी तिला डागसुद्धा दिसणार नाहीत, गाढवा! तुला पिक्चर चांगला करायचाय की तिला दाखवायचाय, ते एकदा ठरव!" रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघायला लागली. गोपीनाथने तिसऱ्या नगाच्या पंख्याकडे बघितलं आणि चप्पल घालून आईला आणायला गेला.

तो आणि चित्रा चंद्रभागाबाईंना धरून घेऊन आले. साडेचार वाजले होते, शटर अर्धं ओढलं, ऊन बाहेर राहिलं. त्या बाकावर पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ बसल्या. मी म्हटलं, "मावशी, जरा मागे बसा." त्यांनी लक्ष दिलं नाही. एका भोकातून बघणारं माणूस ते, त्यांना पडदा एका वेळी रुपयाएवढाच दिसत होता. एकेक चौकोन बघत त्यांची मान डावीकडून उजवीकडे, मग खाली, मग पुन्हा डावीकडे जात होती.

पिक्चर दीड मिनिटाचा, पण त्या मान वळवतील तसा गोपीनाथ तो थांबवत थांबवत पुढे नेत होता. "यो आपला बांद," त्या पुटपुटल्या. "यो सरस्वतीच्या घरवाल्याचा. हितं पाय घसरायचा." पंखे घुमत होते. खाडीवरचं संथ पाणी त्या एवढ्याशा गाळ्यात हलत होतं आणि मला खरोखर पायाखाली ओल आहे असं वाटलं. खोटं कशाला सांगू, मी खाली वाकून बघितलं.

मग दुसरा अर्धा आला. गोपीनाथने माझ्याकडे अपराध्यासारखं पाहिलं. पहिला ठिपका कोपऱ्यात उमटला. चंद्रभागाबाईंची मान तिथपर्यंत पोचायला वेळ लागला. पोचली आणि थांबली. त्यांनी बोट पुढे केलं, पण काचेला लावलं नाही.

"गोप्या," त्या म्हणाल्या, "मीठ धरलाय."

ठिपके वाढत होते. दोन, सात, अंगभर.

"आरं, मीठ धरलाय!"

माझ्या शेजारी उभी असलेली चित्रा हळूच म्हणाली, "आमच्यात रीत होती. पाण्यावर पहिलं मीठ बाईला दिसलं तर तिने पुढे पाय टाकायचा नाही. उभी राहील तिथूनच घरधन्याला हाक मारायची. तो 'आलो' बोलेपर्यंत तिथून हलायचं नाही."

चंद्रभागाबाई बाकावरच ताठ झाल्या होत्या. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नसणार. त्यांनी तोंड पडद्यापासून जराही न फिरवता, खाडीच्या वाऱ्यावरून पलीकडे पोचेल अशा चढ्या आवाजात हाक घातली.

"वो ऽ! या वो, मीठ धरलाय!"

परशुरामांना जाऊन आठ वर्षं झाली होती. मला रडू येत होतं आणि कुठेतरी निघून जावंसं वाटत होतं, पण त्या हलल्या नव्हत्या, म्हणून मीही हललो नाही. त्या थांबल्या होत्या. हाक मारून थांबायचं असतं तशा, मान किंचित तिरकी करून, ऐकत.

गोपीनाथ आईच्या मागे उभा होता. त्याचे ओठ दोनदा हलले. मग तो म्हणाला, "आलो."

चंद्रभागाबाईंनी वळून पाहिलं नाही. पडद्यावरची नजर न काढता त्या बाकावर थोड्या सरकल्या आणि शेजारी एका माणसापुरती जागा केली.