खो-खोच्या फोटोतली इंदुमती

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. पोरींना नाही, माहेरी तर नाहीच. कितीदा ओठांवर आली आणि मी भलतंच काहीतरी बोलून मोकळी झाले. आता तुम्हाला सांगते — का, ते मलाही नीट कळत नाही.

मी लग्न होऊन इचलकरंजीला आले तेव्हा घरात यंत्रमाग होते. मागांचा खडखडाट, कामगारांचा चहा, भाकऱ्यांची चवड — सगळं मी उचललं. कामाला मी वाघ होते. हे मीच सांगते, कारण दुसऱ्या कुणी कधी म्हटलं नाही. सासूबाई वाईट नव्हत्या हो. फक्त त्यांचं माझ्याकडे लक्षच जायचं नाही. मला वाटायचं, त्यांचा स्वभावच असेल तसा.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि शैला आली. तेव्हा कळलं, स्वभाव तसा नव्हता.

शैला नेसरी गावची. ती तान्ही असतानाच तिची आई गेली. बापानं दुसरं लग्न केलं आणि पहिल्या बायकोचं म्हणून घरात काही उरू दिलं नाही. लुगडं नाही, फोटो नाही. आजोळ नेसरीतच, पण तिथंही कुणी राहिलं नव्हतं. एका आत्यानं सांगितलं तेवढंच तिच्याजवळ होतं — आईचं नाव इंदुमती, माहेरचं आडनाव, ती कोल्हापूरला मुलींच्या बोर्डिंगात शिकली, खो-खो खेळायची, आणि खांबावर आपटून तिचा पुढचा दात अर्धा तुटला होता.

"बिनआईची पोर गं," म्हणत सासूबाई तिला पुढ्यात बसवून डोक्याला तेल लावायच्या. मी समोर भांडी घासत असायचे. माझ्या डोक्याला त्यांचा हात कधी लागला? आठवत नाही — कारण लागलाच नाही.

आणि शैला तरी कशी? लबाड असती तर किती बरं झालं असतं! मला "अक्का, अक्का" करत मागं-मागं फिरायची. एकदा तांदूळ निवडताना म्हणाली, "अक्का, माणसं म्हणत्यात, डोळं मिटलं की आई दिसती. मला कायच दिसत न्हाय."

मला वाईट वाटलं होतं तेव्हा. खरंच वाटलं होतं. हे तेवढं लक्षात ठेवा — की नका ठेवू. त्यानं काय फरक पडतो?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. अंबाबाईची ओटी भरायला आम्ही कोल्हापूरला गेलो होतो. दर्शन झालं, सासूबाई देवळातच सावलीला टेकल्या. एसटीला वेळ होता. शाळेत मला इतिहास फार आवडायचा, म्हणून मी म्हटलं, शहराचं संग्रहालय बघू या. पण माझ्या धाकटीला कणकण होती, ती किरकिरत होती. शैला दारातल्या पायरीवर बसली आणि हात पुढं केले. "द्या हिकडं. तुमी निवांत बघून या अक्का. मला काय कळतंय त्यातलं?"

माझी पोर तिच्या मांडीवर देऊन मी आत गेले.

तलवारी होत्या, पगड्या होत्या, जुन्या पेठांचे नकाशे होते. शेवटच्या खोलीत शहरातल्या शाळा-बोर्डिंगांचे फोटो लावले होते. एका फोटोत खो-खोचा मुलींचा संघ. नऊवारीचे काचे मारलेल्या मुली, सगळ्या ताठ, घाबरल्यासारख्या. एकटी कडेची पोर खळखळून हसत होती. उभट, सावळा चेहरा — शैलासारखा मुळीच नाही. पुढचा दात अर्धा. खाली नावं लिहिली होती. इंदुमती, शैलाच्या आजोळचं आडनाव, आणि पुढं — नेसरी.

"शैले!" म्हणून हाक मारायला मी तोंडही उघडलं.

आणि मारली नाही.

कसं सांगू तुम्हाला? मला सगळं पुढचं दिसलं. ती रडणार. सासूबाई तिला पोटाशी धरणार. दीर फोटोची नक्कल करून आणणार, गल्ली बघायला येणार. आई नाही म्हणून घरानं तिला डोक्यावर घेतलं होतं — आणि आता तिला आईसुद्धा मिळणार? माझ्याकडे होती आणि तिच्याकडे नव्हती अशी एवढी एकच तर गोष्ट होती. मी त्या हसणाऱ्या पोरीकडे बघत उभी राहिले, आणि मला तिचाही राग आला. मेलेल्या बाईचा.

बाहेर आले. शैला माझ्या पोरीच्या कपाळावर पदर ओला करून ठेवत होती.

"काय हाय की आत, अक्का? मी बी बघून येऊ?"

"काय न्हाय गं," मी म्हटलं. "नुसत्या गंजक्या तलवारी. चल, एसटी चुकंल."

ती लगेच उठली. पोरगी वाटभर तिनंच घेतली.

पुढं सासूबाई गेल्या, माग विकले, घरं वेगळी झाली. शैलानं शेजारीच घर बांधलं. वास्तुशांतीला आईची तसबीर हवी म्हणून तिनं एका चित्रकाराला बोलावलं. तो म्हणाला, "फोटो न्हाय तर काढू कशावरनं?" शैला म्हणाली, "माझ्याच तोंडावरनं काढा. लेक आईवरच गेलेली असती की."

आठवड्याभरानं मी कुणाला न सांगता कोल्हापूर गाठलं. त्या खोलीत आता नाणी मांडली होती. तिथला माणूस म्हणाला, "त्ये जुनं फोटो व्हय? वाळवी लागल्याली. कवाच काढून टाकलं, मावशी."

तेव्हा तरी सांगायचं ना? परत येताना एसटीत मी वाक्यं जुळवत होते. घरी आले तर शैला दारात उभी. चित्र आलं होतं.

भिंतीवर शैलाच होती — गोरी, गोल, केसांत पांढरी बट काढलेली, ओठ मिटलेले.

"अक्का, कशी वाटती माझी आई?"

"लई छान," मी म्हटलं. "हुबेहूब तुझ्यासारखी."

तिचे डोळे भरले. तिनं समई लावली, चित्रापुढं हात जोडले. तिच्या शेजारी उभं राहून मीही जोडले.