तिसऱ्या फेरीत सरकलेलं भिंग

माझा एकच डोळा चालतो. उजवा ऐन तरुणपणी गेला, धान कापताना लोंबीचं कुसळ बुबुळात घुसलं होतं. गेल्या वर्षी डाव्यात मोतीबिंदू झाला तेव्हा मी अड्याळजवळच्या आमच्या गावदेवीला बोलले, "माय, एवढा राखशील तर पाच फेऱ्या लोटांगण घालीन." ऑपरेशन झालं, भिंग बसलं, तांदळातला खडाही दिसू लागला. वाकू नका, डोक्याला मार लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी आपल्या सोयीचा अर्थ काढला. लोटांगणात वाकायचं कुठे असतं, आडवंच तर व्हायचं! सुनेने अडवलं तर तिच्यावरच डाफरले, तरी ती ऑटो करून सोबत आली.

देवळाच्या वाटेवर एक बाई मासोळ्यांची टोपली घेऊन बसली होती. तिचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेलं. मी नुकतीच न्हाऊन ओलेत्याने आलेली. "बाजूले सरक ना, मले शिवशील," मी खेकसले. ती टोपली ओढून सरकली.

तिसऱ्या फेरीत डोकं ओट्याच्या दगडावर आदळलं. उठून बसले तर कळस दिसेना. डोळ्यापुढे नखाच्या कडेसारखी एक वाकडी रेघ हलत होती, बाकी सगळं धुकं. भिंग सरकलं, हे मला लगेच कळलं आणि मी तसं ओरडून सांगितलं. आता नातीचं तोंडही चाचपून ओळखावं लागणार. त्याहून मोठी भीती वेगळीच होती. हे देवीनेच केलं असेल, तर रडायचं कुणापुढे?

बायका जमल्या. "डोयात तीर्थ टाका, देवीचा कोप होये," कुणीतरी म्हणालं. घाबरलेल्या माणसाला काहीही पटतं. मी तीर्थाची ओंजळ डोळ्याकडे नेली, तोच कुणीतरी माझं मनगट धरलं. मासोळीचा वास आला.

"त्यात काही टाकू नोका, बाई. चोळू बी नोका. माह्या घरधन्याचं भिंग असंच सरकलं होतं. आम्ही पाला पिळला, चार दिवस घरीच बसलो. डोया गेला त्यायचा. आत्ताच दवाखान्यात चला."

टोपली तिथेच टाकून ती सुनेसोबत आमच्या ऑटोत बसली. भंडाऱ्यापर्यंत तिने माझं डोकं मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरून ठेवलं. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव जात होता. देवीचं नाव घ्यायला जावं, तर मनात नुसते सौदेच येत होते. अकरा फेऱ्या घालीन, एकवीस घालीन. मान ताठलेली. "मान ढिली सोडा," ती पुन्हापुन्हा म्हणे, "मी धरून आहो ना." केव्हा सोडली ते आठवत नाही. भीती गेली नव्हती, पण सौदे थांबले होते.

भिंग एका कडेवर लटकून राहिलं होतं. डोळ्यात काही घातलं नाही हे बरं केलंत, असं डॉक्टर म्हणाले. पुन्हा ऑपरेशन झालं, टाके घालून भिंग जागेवर बसवलं. पट्टी निघेपर्यंतचे दिवस मी धाकातच काढले. ती निघाली आणि सुनेच्या कपाळाची टिकली दिसली, तेव्हा लहान मुलीसारखी रडले.

बरी झाल्यावर देवळाकडे गेले. ती तिथेच बसली होती. तिचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहिला. त्या दिवशी डोळा शाबूत असताना तो पाहिलाच नव्हता. मला वाकायची मनाई, म्हणून पायांऐवजी तिचे हात धरले.

"शिवता काहून, बाई? देवळात जाऊन राहिल्या ना?" ती हसली.

त्याच हातांनी आत जाऊन देवीला नमस्कार केला. नवसाच्या फेऱ्या अजून राहिल्या आहेत. त्याबद्दल मी काहीच बोलले नाही, नवीन काही मागितलंही नाही. फक्त मान ढिली सोडून उभी राहिले.