पिवळ्या प्लेटिंगचे बोल्ट

दिगंबरराव गेल्याचं मला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून कळलं. वर पाण्याची टाकी धुणार असल्याची सूचना, खाली कुणाच्या तरी हरवलेल्या छत्रीचा फोटो, आणि मध्ये एकच ओळ... 'आपले ज्येष्ठ सभासद दिगंबरराव यांचे आज सकाळी दुःखद निधन.' तिच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. त्या हातांपैकी निम्म्या हातांनी त्यांच्या गॅरेजविरुद्धच्या अर्जावर सह्या केल्या होत्या. मी केली नव्हती. त्या सकाळी मला त्याचं समाधान वाटलं, हे कबूल करते. ते समाधान फार वेळ टिकलं नाही.

दिगंबरराव पिंपरीच्या एका कारखान्यात आयुष्यभर फिटर होते. निवृत्तीनंतर कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीमागे त्यांनी एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली आणि तिथे जुन्या मोटारी पूर्ववत करायला लागले. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, शेजारच्याच इमारतीत राहणारी. आमची ओळख झाली ती एका तुटलेल्या बोल्टवरून. एका संध्याकाळी ते दारात उभे राहिले, हातात रुमालात गुंडाळलेला बोल्ट, आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही शास्त्र शिकवता म्हणून आलो. हा चांगल्या पोलादाचा बोल्ट आहे. गंज काढून जस्ताचं प्लेटिंग केलं, घट्ट पिळून ठेवला. कुणी हात लावला नाही, आणि दोन दिवसांनी आपोआप डोकं तुटून पडलं. हे कसं?" चाळीस वर्षं मी मुलांना शिकवलं, पण इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी त्यांना आत बसवलं आणि सांगितलं, की ॲसिडमध्ये बुडवताना आणि प्लेटिंग करताना हायड्रोजन तयार होतो. तो कडक पोलादात शिरतो आणि ते आतून ठिसूळ करतो. मऊ बोल्टला सहसा काही होत नाही, कडक बोल्ट मात्र दगा देतो, आणि तोही ताण आल्यावर, उशिरा.

त्यानंतर त्यांनी एका बंद पडलेल्या बेकरीतून ओव्हन आणला. प्लेटिंग झालं की लगेच बोल्ट त्यात, दोनशे अंशांच्या आसपास, कित्येक तास. आणि एवढं करूनही स्टिअरिंगचे, ब्रेकचे बोल्ट ते पुन्हा प्लेटिंग करून वापरायचे नाहीत. तिथे नवेच. गाडीवाले कुरकुरायचे. "मूळचे बोल्ट हवेत आम्हाला." दिगंबरराव शांतपणे म्हणायचे, "मूळचे बोल्ट काचेच्या कपाटात ठेवा. मूळचा माणूस गाडीत बसणार आहे." मी त्यांना चष्मा घालायला लावला, हातमोजे घालायला लावले, ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही, हे पाठ करून घेतलं. वापरलेलं पाणी गटारात सोडू दिलं नाही. माझा एक नियम तर त्यांनी भिंतीवर खडूनं लिहून ठेवला होता, कोणतं प्लेटिंग आहे हे माहीत नसेल तर ते विष समजायचं. इतका आज्ञाधारक विद्यार्थी मला नोकरीत मिळाला नव्हता... आणि मला त्याचा अभिमान होता. तोच नडला.

मग सोसायटीनं शेडच्या शटरवर पाटी लावली. 'ज्यांना स्वतःच्या फुप्फुसांची पर्वा नाही, त्यांनी निदान इतरांच्या फुप्फुसांची ठेवावी. काम करताना शटर बंद ठेवावे.' पुण्याच्या पाट्यांचं कौतुक असणाऱ्या मला ती वाचून हसू आलं होतं. दिगंबरराव हसले नाहीत. वाद घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ॲसिडचं काम ते शेडच्या मागच्या अंगणात करू लागले आणि बाकीच्या कामाला शटर ओढून घेऊ लागले.

यंदा त्यांच्याकडे साठ वर्षांपूर्वीची एक परदेशी मोटार आली. मालक बांधकाम व्यावसायिक. जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात ती उभी करायचीच म्हणून ते रोज फोन करायचे. गाडीखालचे बोल्ट गंजून जागच्या जागी बसले होते. दिगंबररावांची पद्धत अशी, की तेल सोडायचं, आठ दिवस थांबायचं, रोज थोडा थोडा पीळ द्यायचा. मालकांना आठ दिवस नव्हते. त्यांच्या घाईमुळेच दिगंबरराव ज्योत लावून बोल्ट तापवायला निघाले. पण त्याआधी त्यांनी मला फोन केला.

माझ्याकडे त्या दिवशी बहिणीच्या नातीचं बारसं होतं. घरात तीस माणसं, एका हातात फोन, दुसऱ्या हातात हळदीकुंकवाची कोयरी.

"मॅडम, या बोल्टवर पिवळसर प्लेटिंग आहे. जस्तच ना?"

"जस्तच असणार, दिगंबरराव. पिवळं जस्त तुम्ही शंभरदा पाहिलंय."

"पाहिलंय. पण गाडी फार जुनी आहे, आणि बाहेरची. म्हणून विचारलं."

"मग बाहेरचं जस्त. ठेवू का? पाळण्याची वेळ झालीय."

"ठेवा, ठेवा. बाळाला आशीर्वाद सांगा."

त्या काळातल्या परदेशी बोल्टांवर कॅडमियमही असतं, तेही पिवळं दिसतं, नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही, आणि ते तापवलं तर त्याचा धूर फुप्फुसं जाळतो... हे सगळं मला माहीत होतं. मुलांना मी ते शिकवलं आहे. नुसतं 'माहीत नाही' म्हटलं असतं, तरी भिंतीवरच्या नियमाप्रमाणे त्यांनी ज्योत बाजूला ठेवली असती. दोन शब्द होते. मला ते म्हणायची सवय नव्हती.

शटर बंद करून त्यांनी दुपारभर बोल्ट तापवले. संध्याकाळी घसा कोरडा पडला, रात्री ताप भरला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी 'व्हायरल आहे, साथ चालू आहे' म्हणून गोळ्या दिल्या. दिवसभर काय काम केलं, हे त्यांनी विचारलं नाही आणि दिगंबररावांनी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी श्वास लागला म्हणून त्यांना मोठ्या रुग्णालयात हलवलं. मी भेटायला गेले तेव्हा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मला पाहून त्यांनी तो जरासा वर उचलला आणि म्हणाले, "ते बोल्ट निघाले, मॅडम. सगळे."

तेव्हा मला समजलं. मी धावत जाऊन तिथल्या डॉक्टरांना कॅडमियमचं सांगितलं. तपासणीत ते सापडलंही. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला बरं सुचलं हो. एवढं कोण सांगतं?" मी मान खाली घातली, आणि त्यांना तो नम्रपणा वाटला. सहाव्या दिवशी सकाळी दिगंबरराव गेले.

दहाव्याला गाडीचे मालक आले. मालतीबाईंना, म्हणजे दिगंबररावांच्या पत्नीला, नमस्कार करून दोन मिनिटं बसले आणि विचारलं, "वहिनी, शेडची किल्ली कुणाकडे असते?" गाडी दुसऱ्या कुणाकडून पुरी झाली, प्रदर्शनात उभी राहिली, तिला बक्षीसही मिळालं. फोटो ग्रुपवर आला. हात जोडणाऱ्यांनी आता अंगठे दाखवले.

गेल्या आठवड्यात मालतीबाई मला म्हणाल्या, "शेड रिकामी करायचीय. तिथलं काय ओतून टाकायचं आणि काय नाही, ते तुम्हालाच कळेल." आम्ही दोघी गेलो. ॲसिड, प्लेटिंगचं पाणी, सगळं मी वेगळं करून झाकणं लावली, अशी घाण रीतसर नेणाऱ्यांना बोलावलं. फळीवर बोल्टांच्या बरण्या होत्या, प्रत्येकीवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी. दार, डावं. बोनेट. नवे घेणे. शेवटच्या बरणीत ज्योतीनं काळे पडलेले बोल्ट होते. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'मॅडमना विचारणे.' त्यावर एक सरळ रेघ मारलेली, आणि खाली, 'विचारले. जस्त.'

मी ती बरणी फळीवरून उतरवून घेतली आणि चिठ्ठी पुन्हा वाचली. मालतीबाईंनी काय झालं म्हणून विचारलं, आणि तिथेच, पहिल्यांदा, मी त्यांना तो फोन सांगितला. बारसं, कोयरी, सगळं. सांगून झाल्यावर त्यांनी बरणी माझ्या हातातून घेतली, चिठ्ठी वाचली, पदरानं काच पुसली.

"हे रोज तुमच्याबद्दल बोलायचे," त्या म्हणाल्या. "मॅडमनी सांगितलं म्हणजे झालं. मी म्हणायचे, अहो, एकदा स्वतः तरी बघा."

मग त्यांनी ती बरणी माझ्या पिशवीत ठेवली आणि शटर ओढायला गेल्या.