अंधारासुराचा सत्कार

अंधारासुर नारळ हातात धरून उभा होता. त्याला संपवायला आलेले चार महानायक खांद्यावरच्या शाली सावरत त्याच्याच शेजारी उभे होते. माइकवरून आवाज आला, "यानंतर आपल्या सिनेमाचे खलनायक यांचा सत्कार या मंगल कार्यालयाचे मालक, म्हणजे त्यांचे सख्खे मामा, यांच्या हस्ते होत आहे." टाळ्या वाजल्या. कॅमेरा चालूच होता.

मी स्क्रिप्ट घेऊन खांबापाशी उभी होते. स्क्रिप्टमध्ये या जागी एवढंच लिहिलेलं होतं: नायक एकत्र येतात. घनघोर युद्ध.

हे असं कसं झालं ते सांगायचा प्रयत्न करते. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

मी नांदेडला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव भोकर तालुक्यात. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. त्यामुळे मी नेमकं काय शिकते हे घरी सांगताना मीच अडखळते. कॉलेज सुटल्यावर एका यूट्यूब चॅनेलच्या स्टुडिओत काम करते. स्टुडिओ म्हणजे फ्लेक्सच्या दुकानावरची एक खोली, एक हिरवा पडदा, दोन कॅमेरे आणि बालाजी सर. माझं पद स्क्रिप्ट असिस्टंट. सर बोलतात ते लिहायचं आणि सर विसरतात ते त्यांना आठवून द्यायचं.

आमच्या चॅनेलचा एकच नायक लोकांना माहीत होता. डीपीदादा. गावाला वीज देणारा जो ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला आमच्याकडं डीपी म्हणतात. ती जळाली की गाव अंधारात. डीपीदादा हा साधा कंत्राटी वायरमन, पण त्याच्या अंगात करंट आहे. बंद पडलेल्या मोटारीला तो नुसता हात लावतो आणि पाणी येतं. हे काम गजानन करायचा. तो मूळचा नायगावचा, नांदेडात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. रबरी हातमोजे, हेल्मेट, कमरेला पक्कड आणि पाठीवर केप. केप म्हणजे नायक उडताना त्याच्या पाठीवर फडफडतं ते कापड. गजाननची केप त्याच्या बहिणीनं शिवलेली होती.

डीपीदादाची ओरिजिन स्टोरी मी लिहिली होती. नायक मुळात नायक कसा झाला, त्या गोष्टीला ओरिजिन स्टोरी म्हणतात. माझ्या बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर आमच्या गावची डीपी जळाली होती. वाट बघून गाव कंटाळलं. शेवटी माझ्या वडिलांनी, अप्पांनी, ट्रॅक्टर काढला. जळकी डीपी ट्रॉलीत घालून भोकरला नेली आणि चांगली डीपी घेऊनच माघारी आले. माझ्या गोष्टीत त्या ट्रॉलीत डीपीला मिठी मारून बसलेला वायरमन म्हणजे पुढचा डीपीदादा. सरांनी ती वाचली, "चांगली हाय" म्हणाले आणि पडद्यावर लेखिका म्हणून माझं नाव द्यायचं कबूल केलं.

मी घरी फोन केला. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "टॅक्टर आपलाच घ्यायला सांग त्यायला." दुसऱ्या आठवड्यात त्यांनी ट्रॉली रंगवून घेतली.

आणि त्याच वेळी लातूरवाल्यांनी घोषणा केली.

लातूरला आमच्यासारखंच एक चॅनेल आहे. त्यांचा नायक बोअरबहाद्दर. तो जमिनीवर पाय आपटतो आणि पाणी लागतं. त्यांनी व्हिडिओ टाकला: लवकरच, मराठवाड्यातलं पहिलं शेअर्ड युनिव्हर्स. शेअर्ड युनिव्हर्स म्हणजे वेगवेगळ्या सिनेमांतले नायक एकाच जगात राहतात असं मानायचं. मग ते एकमेकांच्या सिनेमात येतात, भांडतात आणि शेवटी एकत्र लढतात. त्या एकत्र येण्याला क्रॉसओव्हर म्हणतात.

बालाजी सर खुर्चीतून उठले. "प्रियंका, ते परदेशातल्या दोन मोठ्या कंपन्या असलेच सिनेमे काढतेत ना? एकमेकीच्या उरावर बसलेल्या?"

"हो सर."

"त्यायचं बघ सगळं. कोण कसं जग बांधतंय त्याचा रिपोर्ट दे. तुला इंग्रजी येतंय."

मला इंग्रजी फार येत नाही. पण नाही म्हणायला जमलं नाही. होस्टेलवर मोबाइलमध्ये खालच्या ओळी वाचत मी ते सिनेमे बघितले. माझी रूममेट म्हणायची, "अभ्यास करून राहिली का सिनेमे बघून राहिली?" मी म्हणायचे, दोन्ही.

मला समजलं ते असं. पहिली कंपनी आधी एकेका नायकाला त्याचा स्वतःचा सिनेमा देते. त्याचं घर, त्याची खोड, त्याचं दुःख आपल्याला कळतं. सिनेमा संपून नावांच्या पाट्या सरकल्या की एक बारीकसा सीन येतो. त्याला पोस्ट-क्रेडिट सीन म्हणतात. त्यात कुणीतरी येऊन पुढच्या सिनेमाचं आवतण देऊन जातं. अशी घरोघर आवतणं झाली, की मग सगळे एका मांडवात. वर एकच कारभारी सगळ्यांवर नजर ठेवून असतो.

दुसऱ्या कंपनीला घाई झालेली दिसते. तिनं नायकांना आधी मांडवात बोलावलं आणि मग ज्याची त्याची ओळख करून द्यायला सुरुवात केली. कारभारीही बदलत गेले. शेवटी त्यांनी रिबूट केलं. रिबूट म्हणजे बांधलेलं घर पाडून त्याच प्लॉटवर नवं घर, आणि जुन्या घराबद्दल पाहुण्यांनी विचारायचं नाही.

पण पहिलीचं सगळं चांगलं आणि दुसरीचं वाईट असंही मला वाटलं नाही. पहिलीचा पसारा आता इतका वाढलाय की एका लग्नातलं भांडण समजायला आधीची पाच बारशी आणि तीन साखरपुडे माहीत असावे लागतात. आणि दुसरीनं जे सिनेमे बाकी कुणाची पर्वा न करता एकट्या माणसावर काढले, ते माझ्या मनात जास्त राहिले. आणखी एक फरक. पहिल्या कंपनीत आभाळ कोसळत असलं तरी नायक विनोद करतात. दुसऱ्या कंपनीत सहसा ऊनच पडत नाही.

मी रिपोर्ट वाचायला लागले तसा सरांनी हात वर केला. "एवढं नको. मुद्द्याचं सांग."

"सर, पहिली कंपनी आधी सोयरीक जुळवते, मग लग्न लावते. दुसरी आधी लग्न लावते, मग विचारते नवरदेव कोण."

"लवकर कोणतं उरकतंय?"

"दुसरं. पण सर..."

"मग तेच. लातूरवाले थांबतेत का आपल्यासाठी?"

"सर, डीपीदादाची ओरिजिन? आधी ती करायची ठरली होती. अप्पांनी ट्रॉलीला रंग दिलाय."

"वाळू दे की मग रंग," सर म्हणाले.

युनिव्हर्सला नायक लागतात. आमच्याकडं एकच होता. सरांनी चार फोन केले आणि चार नायक आले. कोचिंग क्लासवाल्यांनी कॅप्टन क्लासेस दिला. तो सूत्रं म्हणून शत्रूला गार करतो. कृषी सेवा केंद्रानं फवारणीवीर दिला. ब्युटी पार्लरच्या ताई स्वतःच पार्लरराणी झाल्या. त्या कुणाचाही चेहरा बदलू शकत होत्या. चौथ्याची शक्ती अजून ठरायची होती, पण त्याचे काका जिल्हा परिषदेला उभे राहणार होते. त्याचं नाव सध्या युवानायक ठेवलं.

जागा मुदखेड ठरली. सर म्हणाले, "जंक्शन हाय. सगळ्या लाईनी तिथंच मिळतेत. आपले हिरोबी तिथंच मिळतील." तिथल्या एका मंगल कार्यालयाच्या मालकानं हॉल दिला आणि हॉलबरोबर आपला भाचा माधव दिला. माधव गावच्या नाटकांत काम करतो. तो अंधारासुर झाला. अंधारासुराला फक्त उजेडानं मारता येतं. म्हणजे त्याला मारणार डीपीदादा. निदान एवढं तरी मी स्क्रिप्टमध्ये पक्कं केलं होतं.

शूटिंगच्या दिवशी नायक कमी आणि त्यांचे नातेवाईक जास्त आले. पहिला प्रश्न युवानायकाच्या काकांनी विचारला. "आमच्या पोराची एन्ट्री कितवी?"

क्लासवाले सर म्हणाले, "शिक्षणाचा मान पहिला असतो."

"पिकाला औषध नसलं तर काय खाता?" कृषी सेवा केंद्रवाल्यांनी विचारलं.

आवाज चढले. पार्लरच्या ताई मेकअप पुसायला लागल्या. बालाजी सरांनी अनुभवानं तोडगा काढला. आमच्याकडं कोणताही कार्यक्रम सत्कारानं सुरू होतो आणि सत्कार झाला की माणूस निम्मा शांत होतो. सर म्हणाले, "नायक पहिल्यांदा भेटतेत ना? मग भेटल्यावर माणसं काय करतेत? सत्कार. सिनेमातच घेऊ. ज्याचा त्याचा माणूस ज्याला त्याला शाल घालील. कुणीच मागं न्हाई, कुणीच पुढं न्हाई."

सगळे खूष झाले. गजानन सोडून.

"सर, अंधारासुराला मारतो कोण?" त्यानं विचारलं.

"तूच की."

"मग ह्या यादीत माझं नाव शेवटी कामून?"

"अरे, खरा हिरो शेवटीच येतो."

"सत्काराला बी शेवटी?"

सर जरा गडबडले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तसं न्हाई गजू. तुला शाल घालायला तुझ्याकडून कोण हाय इथं?"

गजानन भांडला नाही. त्यानं हातमोजे काढले, केपची घडी घातली, हेल्मेटमध्ये ठेवली आणि मोटरसायकलला किक मारली. आत पहिला सत्कार सुरू झाला होता.

सुरुवातीला जे सांगितलं, ते इथं येतं. सत्कार संपले. अंधारासुराचाही झाला. आता युद्ध. पण अंधारासुराला मारणारा माणूस नांदेडच्या रस्त्याला लागला होता. बाकीच्यांकडं सूत्रं, फवारा, मेकअप आणि काका एवढंच होतं.

"प्रियंका, एक ओळ लिही," सर घाम पुसत म्हणाले. "डीपीदादा कामून आला न्हाई, एवढंच. कॅप्टन म्हणील."

मी खांबाला कागद टेकवला. लोडशेडिंग आहे, असं लिहिता आलं असतं. पण मला रंगवलेली ट्रॉली दिसत होती. मी घाबरत घाबरत लिहिलं आणि कॅप्टन क्लासेसनं कॅमेऱ्यासमोर ते जसंच्या तसं म्हटलं: "डीपीदादा येणार होते. पण भोकरकडच्या एका गावची डीपी जळाली. पोरींची परीक्षा हाय. ते टॅक्टरवर डीपी घेऊन निघालेत."

आता अंधारासुरानं गडगडाटी हसायचं होतं. माधव सकाळपासून काळा रंग फासून उपाशी उभा होता. त्यानं नारळ काखेत मारला आणि म्हणाला, "मग मी तिकडंच जातो. हितं माझं काम न्हाई." आणि तो निघाला. थेट जेवणाच्या पंगतीकडं. कॅमेरामननं त्याची पाठ दारापर्यंत घेतली.

सत्कारातलं काही कापता येईना. प्रत्येक शालीमागं एक घर होतं. सिनेमाचा बराचसा भाग शाल-नारळातच गेला. आम्ही तो तसाच चॅनेलवर टाकला. ज्याच्या त्याच्या नातेवाइकांनी आपापला सत्कार कापून स्टेटसला ठेवला. लातूरवाल्यांचा क्रॉसओव्हरही लगेच आला. त्यांनीही सत्कार घेतला होता, आणि त्यांच्याकडं फेटे होते. सरांना ते फार लागलं.

पण खाली कॉमेंटमध्ये लोक शालींबद्दल काही म्हणत नव्हते.

"डीपीदादा कुठं हाय?"

"त्या गावची डीपी बसली का?"

"अंधारासुर तिकडं गेला ना राव. त्या पोरीच्या परीक्षेचं काय?"

सरांनी मला बोलावलं. ते मोबाइलवर कॉमेंटच वाचत होते. मग म्हणाले, "अंधारासुर पाठ फिरवून जातो ना, ते तुझ्या रिपोर्टातलं, पहिल्या कंपनीचं पाट्यांनंतरचं आवतण. तेच झालं न्हाई का हे?"

"हो सर. म्हणजे, चुकून झालं."

"चुकून म्हणायचं न्हाई. तुझी टॅक्टरची गोष्ट काढ."

गजाननला आणायला सर स्वतः त्याच्या दुकानात गेले. मीही होते. गजानन एका मोबाइलची काच बसवत होता. मान वर न करता म्हणाला, "येतो. पण सत्कार नको."

सरांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. "एक शाल दिसणार न्हाई तुला."

आम्ही सकाळी माझ्या गावात पोचलो. गावाच्या तोंडाशीच मांडव होता. माइक होता, खुर्च्या होत्या, टेबलावर शाली आणि नारळांचा ढीग होता. गजाननानं सरांकडं बघितलं. सरांनी दोन्ही हात वर केले. "आईशप्पथ, मी न्हाई."

अप्पा पुढं आले. धोतर, टोपी, सगळं परीटघडीचं. मागं ट्रॅक्टर उभा होता, हार घालून. मी त्यांना बाजूला घेतलं. "अप्पा, सत्कार करायचा नव्हता. त्यांना आवडत न्हाई."

"पावण्याला तसंच कामाला लावावं का माय?" अप्पा म्हणाले. "तूच फोनवर सांगितलं ना, त्यायला कुणी इचारलं, तुझ्याकडून कोण हाय म्हणून?"

मी सांगितलं होतं. अप्पा ग्रामसभेतही कधी बोललेले नाहीत. त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला, नको इतका जवळ. "पयला सत्कार," ते म्हणाले आणि थांबले. "पयला सत्कार डीपीदादाचा. हे आमच्याकडून हायेत."

गजानन नको म्हणाला नाही. केपवरून शाल घालताना अप्पांची जरा पंचाईत झाली, एवढंच.

त्यानंतर सरपंच, बालाजी सर, कॅमेरामन, माधव, ड्रायव्हर आणि ट्रॅक्टर अशा क्रमानं सत्कार झाले. माझाही झाला. आईनं केला. तोवर ऊन कलायला लागलं. ट्रॉलीतून डीपी भर दुपारी निघते असं स्क्रिप्टमध्ये होतं. आम्हाला तो सीन तिन्हीसांजेला घ्यावा लागला. लोक म्हणतात फार गंभीर झालाय, अगदी दुसऱ्या कंपनीसारखा.

आता आमच्या स्टुडिओत स्क्रिप्टबरोबर शूटिंगचं वेळापत्रकही मीच करते. त्यात सकाळी पहिलं काम सत्कार धरते. उन्हाचे सीन दुसऱ्या दिवशी.