मेहुण्याचं प फ ब भ म

माझा मेहुणा, म्हणजे आमच्या हिचा धाकटा भाऊ, गेली बावीस वर्षं बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करतो. सगळे त्याला भोंगा म्हणतात. तोही फोन उचलून "भोंगा बोलतोय" म्हणतो, आता बोला! आमच्या लग्नात त्यानं माझ्या कानाशी येऊन "दाजी" अशी हाक मारली होती, तेव्हा मी खुर्चीतून ताडकन उभाच राहिलो होतो. माणूस साधा, पण माइकपुढे बसला की राजा. धावत येणारी म्हातारी दिसली की "चालकांनी जरा थांबावं, आजी येताहेत" असं खुशाल सांगून टाकायचा.

तर एका सकाळी चूळ भरताना पाणी त्याच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून सरळ शर्टावर. आरशात बघतो तर अर्धा चेहरा ढिम्म. डोळा मिटेना, भुवई हलेना. आम्ही तसेच त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हात-पाय सगळं तपासलं आणि म्हणाले, "मेंदूचं काही नाही. चेहऱ्याची नस सुजली आहे." गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायला थेंब दिले.

पण ओठच मिटेनात, त्यामुळे त्याचं प फ ब भ म गेलं! आणि ह्याचा तर सगळा धंदाच त्या पाच अक्षरांवर. प्रवासी, बस, फलाट, क्रमांक, पाच... बिचाऱ्याला स्वतःचं टोपणनावसुद्धा "होंगा" असं सांगावं लागे. 'दाजी' तेवढं नीट जमायचं, म्हणून दिवसभर मलाच हाका.

घरी बसेल तर तो भोंगा कसला? आठवड्याने गेला कामावर. ओठांची अक्षरं टाळून त्यानं घोषणा केली, "गाडी चारनंतरच्या ठिकाणी लागते आहे." त्याला म्हणायचं होतं फलाट पाच. लोकांनी ऐकलं चार वाजल्यानंतर! सगळे निवांत चहाला गेले आणि बस चालक-वाहकाला घेऊन रिकामीच निघाली.

स्थानकप्रमुखांनी त्याला आत बोलावलं. "महिनाभर नीट उपचार घ्या. एक तारखेला स्पष्ट बोललात तर माइक तुमचा. नाहीतर मी रेकॉर्ड केलेला आवाज लावतो, आणि तुम्ही सामानाच्या खोलीत."

डॉक्टरांनी मग लेझरसाठी एका फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे पाठवलं. सोबत अर्थातच मी. दोघांना काळे चष्मे लावले. बाईंच्या हातात जाडसर पेनसारखं यंत्र होतं. मी खुर्ची जरा मागे सरकवली.

"बाई, धूर वगैरे निघेल का?"

"आजोबा, धूर निघाला तर आधी मीच पळेन!"

कानापुढे, गालावर, ओठाच्या कडेला, ठिकठिकाणी त्या पेन टेकवत गेल्या. मेहुणा म्हणाला, "दाजी, जळत नाही, टोचत नाही. चालू तरी झालं का हे?"

बाई मोठ्या सरळ. म्हणाल्या, "लेझरची मदत होईल असं मला वाटतं, पण छातीठोक सांगत नाही. गोळ्या आहेत, व्यायाम आहे, शिवाय बऱ्याच जणांची नस आपणहून सुधारते. बरे झालात की श्रेय कुणाचं ते मला विचारू नका. आरशापुढे अक्षरं मात्र घोटायची."

ते काम आमच्या हिनं अंगावर घेतलं, म्हणजे बघायलाच नको.

"म्हण, पोपट."

"होहट."

"पुन्हा!"

"होहट."

"अरे, लक्ष कुठंय तुझं? पोपट!"

आठवड्यातून तीनदा लेझर, आणि घरी रोज सकाळ-संध्याकाळ पोपट. एकवीस तारीख उजाडली तरी पोपट काही येईना. त्या संध्याकाळी ही पाचव्यांदा "पुन्हा!" म्हणाली आणि मेहुणा एकदम खेकसला, "ताई, आता बास!"

आम्ही तिघंही जागच्या जागी थिजलो.

"काय म्हणालास?" हिनं विचारलं.

"बास," तो म्हणाला. मग स्वतःच ओठांना हात लावून बघितला. "बास! बास! बास!" घरभर फिरून त्यानं भिंतींनासुद्धा बास म्हणून घेतलं. ही डोळे पुसत म्हणाली, "मेल्या, पहिला शब्द काढलास तोही माझ्यावर ओरडायला!"

पुढच्या आठ-दहा दिवसांत 'प' आला, 'म' आला. 'फ' सगळ्यात आखडू, तो शेवटच्या दिवशी उगवला. हसताना डावा गाल अजून जरा मागे राहतो, पण घोषणेला हसावं कुठं लागतं?

एक तारखेला प्रमुख हाताची घडी घालून दारात उभे. मी आणि ही बाहेर बाकावर. माइक खरखरला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बस फलाट क्रमांक पाचवर उभी आहे!"

एकूण एक अक्षर स्वच्छ. प्रमुखांनी घडी सोडली, मान डोलावली आणि निघून गेले. पण गडी थांबतोय कुठला? बस, फलाट, पाच, पुन्हा तेच. सहाव्यांदा सुरू झाल्यावर बसचा चालक खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला, "अहो भोंगाशेठ, केव्हाच भरली बस! आता जाऊ द्या की आम्हाला!"